तेरचा समुद्र

धाराशिव जिल्ह्याला किनारा नाही. कोकणचा समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटर आणि मच्छलीपट्टणचा त्याच्या जवळजवळ दुप्पट. तेरणेचं पाणी मांजरेत जातं, मांजरेचं गोदावरीत. भूगोलाच्या हिशेबी एवढाच काय तो इथल्या मातीचा समुद्राशी संबंध. पण तेरणेकाठच्या तेर या गावाचा इतिहास लिहायला बसलं की पहिल्यांदा उघडावा लागतो तो दर्यावर्दींसाठी लिहिलेला एक ग्रंथ.

'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रंथ. लिहिणारा इजिप्तमधला, ग्रीक भाषेत लिहिणारा व्यापारी. त्यानं स्वतःचं नाव कुठं घातलेलं नाही. तांबड्या समुद्रातून निघालेल्या जहाजानं कुठला वारा धरायचा, कुठल्या बंदरात काय खपतं, काय मिळतं, कुठं वाळूचे दांडे आहेत, कुठला राजा जहाजं अडवतो, याची ही कामाची वही. भडोचला तो बारिगाझा म्हणतो. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटीचा जोर एवढा, की राजाच्या चाकरीतले तिथले कोळी मोठ्या होड्या घेऊन समुद्रात पुढं येतात आणि परक्या जहाजांना वाट दाखवत बंदरापर्यंत आणून सोडतात, हे त्यानं बारकाईनं नोंदवलं आहे. मग दोन-चार ओळींपुरता तो किनारा सोडून आत वळतो. दक्षिणापथातल्या पेठांत दोन विशेष मोठ्या, असं तो सांगतो. एक पैठण, भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, तगर. तगर फार मोठं शहर आहे. साधं कापड भरपूर, मलमलीचे नाना प्रकार आणि समुद्राकाठच्या मुलखातून तिथं येऊन पडणारा इतर माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या लांबलचक मुलखातून भडोचला उतरवला जातो. तगर म्हणजे आपलं तेर.

या ओळी तेरबद्दलच्या प्रत्येक माहितीफलकावर आणि प्रत्येक लेखात येतात, आणि त्यांच्याबद्दल गावाला अभिमान वाटतो तो योग्यच आहे. मला मात्र त्या ओळी कुणाच्या, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पेरिप्लसकर्ता तेरला आलेला नव्हता. दिवसांत मोजलेली वाट, रस्त्यांची तक्रार, गाड्यांचा उल्लेख, हे सगळं भडोचच्या धक्क्यावर बसलेल्या माणसानं ऐकलेलं आहे. सांगणारा कोण असेल? ज्याच्या बैलांनी ते तीस दिवस काढले तो, किंवा ज्याचा माल त्या गाड्यांत होता तो. तो खरं सांगत होता हे आज नकाशावर पडताळून पाहता येतं. भडोच ते पैठण सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतं, पैठण ते तेर दीडशे. वीस दिवस आणि दहा दिवस. म्हणजे दोन्ही टप्प्यांत रोजची मजल पंधरा ते साडेसतरा किलोमीटर, शिवाय वळणं, घाट आणि नदीचे उतार वेगळे. लादलेली बैलगाडी याहून फार काही करत नाही. एका अनाम गाडीवानाचा हिशेब दोन हजार वर्षांनी बरोबर निघतो. चुकली ती फक्त दिशा: तेर पैठणच्या थेट पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे.

त्या एका दिशेपायी विद्वानांनी शंभर वर्षं तगर शोधलं. विल्फर्डनं ते देवगिरीला नेऊन ठेवलं. पंडित भगवानलाल इंद्रजींना जुन्नर वाटलं, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी बीडकडचं धारूर सुचवलं. फ्लीटसाहेबांनी आधी कोल्हापूरचा पक्ष घेतला होता. 1901 साली त्यांनीच अंतरांचा आणि नावाचा नीट विचार करून तगर म्हणजे निजामाच्या मुलखातलं तेर, असा निर्वाळा दिला. पाठोपाठ पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला आले आणि त्यांनी इथल्या देवळांचा व टेकाडांचा सविस्तर वृत्तांत 1902-03 च्या वार्षिक अहवालात छापला. ही मंडळी थोर होती, त्यांच्या वादातून आपण पुष्कळ शिकलो. तरी हा शोध पुष्कळसा कागदावर चालला आणि गाव मात्र तेच नाव थोडं झिजवून, तेर म्हणून, सगळा काळ तिथंच नांदत होतं.

तेरचं कापड एवढ्या लांबून भडोचला का जात होतं, हा प्रश्न या पुस्तकातल्या एका संपूर्ण प्रकरणाचा विषय आहे. तेरहून कल्याणचं बंदर सरळ रेषेत सव्वातीनशे किलोमीटर. पैठणवरून भडोच मात्र पाचशे. गाड्या त्याच मजलीनं चालल्या असत्या तर कल्याणला वीस दिवसांत पोचल्या असत्या. वाटही होती: जुन्नरवरून नाणेघाट, तिथं सातवाहनांच्या नागणिका राणीचा शिलालेख आणि तो प्रसिद्ध दगडी रांजण आजही आहे. उत्तर पेरिप्लसच्याच पुढच्या परिच्छेदात मिळतं. कल्याण पूर्वी खुलं बंदर होतं, पण नंतर तिथं अडवणूक सुरू झाली. चुकून तिकडं गेलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाई. सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांच्यातली ही चुरस. क्षत्रप नहपानाचं वजन भडोचकडं होतं. दोन राजघराणी बंदरासाठी भांडत होती आणि त्याची किंमत तेरणेकाठचा साळी आणि गाडीवान दहा दिवसांच्या जादा वाटेनं मोजत होते. किनाऱ्यावरचा इतिहास आत किती खोलवर पोचतो ते इथं दिसतं.

दुसरी एक गोष्ट त्या वर्णनात सहज नजरेआड होते. समुद्राकाठचा माल तेरला येत होता, असं पेरिप्लसकर्ता म्हणतो. हा समुद्र बहुधा पूर्वेचा. कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडच्या मसलियात मलमल फार होते, हे त्याच ग्रंथात पुढं आलं आहे. तिथला माल तेलंगणातल्या कोंडापूरच्या बाजूनं वर चढून तेरच्या पेठेत थांबायचा, गाड्या बदलायच्या आणि मग पश्चिमेला निघायचा. तेर दोन समुद्रांच्या मधलं गाव होतं. एका किनाऱ्याचा माल दुसऱ्या किनाऱ्याला पोचवणाऱ्या जमिनीवरच्या वाटेचा हा मुक्काम, आणि मुक्कामाला पेठ असते, पेठेला कारागीर असतात, कारागिरांना घरं आणि देवळं असतात.

कापड मातीत टिकत नाही. इजिप्तच्या बेरेनिके बंदरात, वाळवंटाच्या कोरड्या वाळूत, भारतीय सुती कापडाचे तुकडे सापडले. तेरच्या दमट काळ्या जमिनीत तसलं काही मिळणार नाही. म्हणून आपल्याला दुसऱ्या वस्तूंकडं वळावं लागतं, आणि त्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत, खच्चून भरल्या आहेत. पावसानं पांढर धुपली की मणी वर येतात. कार्नेलियनचे लाल, अगेटचे पट्टेदार, काचेचे निळे-हिरवे, मातीचे तर असंख्य. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या. शेतकऱ्याच्या औतापुढं आलेलं, पोरांना खेळताना मिळालेलं, पाया खणताना निघालेलं जे जे हाती लागलं ते त्यांनी सांभाळलं. आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयाला त्यांचं नाव आहे. 1958 साली चापेकरांनी इथं रीतसर उत्खनन केलं, त्याचा अहवाल 1969 ला पुण्यात प्रसिद्ध झाला. पुढच्या उत्खननांत विटांच्या स्तूपाचे अवशेष उघडे झाले. या शास्त्रीय कामाचं मोल मी कमी करत नाही. पण लामतुऱ्यांसारख्या माणसानं आधी पांढर वाचली नसती, तर तेरच्या किती वस्तू कुठल्या बाजारात गेल्या असत्या याची कल्पना करवत नाही.

यातल्या दोन वस्तूंपाशी वाचकानं थांबावं असं मला वाटतं.

पहिली अगदी साधी: मातीचं छोटं पदक. रोमन नाण्यावरून ठसा घेतलेला, भाजलेला, वर दोरा ओवायला सोय. दख्खनमध्ये अशी पदकं तेरला मिळाली तशी कोंडापूरलाही मिळाली. ठशात रोमन सम्राटाचं मस्तक एका बाजूनं दिसतं, भोवती लॅटिन अक्षरांच्या जागी नुसते उंचवटे. ज्यानं तो साचा केला त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती, वाचायची गरजही नव्हती. खरं सोन्याचं नाणं सावकाराच्या पेटीत गेलं असेल. गळ्यात बांधायला कुंभारानं तेच रूप मातीत उतरवून दिलं. रोमशी व्यापार म्हणून आपण जो मोठा शब्द वापरतो तो सामान्य घरापर्यंत कसा पोचला ते या पदकाइतकं दुसरं काहीच सांगत नाही. खोटं नाणं म्हणून त्याकडं पाहणं चूक आहे. ते कुणाला फसवायला केलेलं नाही, ते ल्यायला केलेलं आहे.

दुसरी वस्तू हस्तिदंताची स्त्रीमूर्ती. अंगभर दागिने, कमरेला मेखला, सातवाहन काळातला भरीव बांधा. 1938 साली इटलीत पाँपेईच्या एका घरात उत्खननकर्ते मायुरी यांना अशाच घडणीची एक मूर्ती मिळाली, शेजारी दोन लहान दासी असलेली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. व्हेसुवियसच्या राखेत पाँपेई इसवी सन 79 मध्ये गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्र ओलांडून तिथं पोचली होती. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षरही आहे. तेर आणि जालना जिल्ह्यातलं भोकरदन या दोन्ही ठिकाणच्या हस्तिदंती मूर्ती तिच्या इतक्या जवळच्या आहेत, की ती दख्खनची असावी असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पाँपेईची मूर्ती तेरचीच, असं म्हणायचा मोह गावातल्या माणसाला होणं स्वाभाविक आहे. या पुस्तकात मी तसं म्हटलेलं नाही. हे हात आणि ते हात एकाच परंपरेत शिकलेले, एवढं म्हणायला पुरावा पुरेसा आहे आणि एवढंही थोडं नाही.

देवळांवर मी बराच मजकूर लिहिला आहे, कारण तेरची देवळं विटांची आहेत आणि दगडाच्या महाराष्ट्रात हे फार दुर्मीळ आहे. त्रिविक्रमाचं देऊळ मागून पाहावं. मागची भिंत गोल वळते आणि छप्पर उभ्या कापलेल्या पिंपासारखं कमानीत जातं. कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या चैत्यगृहाचा आतला आकार ज्यानं पाहिला आहे त्याला तोच आकार इथं बाहेरून, उघड्यावर, विटांत बांधलेला दिसतो. कझिन्सनी ते मूळचं बौद्ध चैत्यगृह ठरवलं. असं दुसरं उभं देऊळ पाहायला आंध्रातल्या चेझर्लाच्या कपोतेश्वरापर्यंत जावं लागतं, म्हणजे पुन्हा तीच पूर्वेची वाट. आत आता बळीला पाताळात दाबणारा, एक पाय उंच उचललेला त्रिविक्रम आहे आणि त्याची पूजा चालू आहे. वास्तू टिकली ती या पूजेमुळंच, हे विसरून चालणार नाही. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी द्वारशाखा संग्रहालयात आहे. हजार वर्षांहून जुनं लाकूड आपल्या हवेत टिकणं ही साधी गोष्ट नव्हे. तिथंच त्या प्रसिद्ध हलक्या विटाही आहेत, पाण्यात सोडल्या तर तरंगणाऱ्या. मातीत भुसा कालवून वीट थापायची, भट्टीत भुसा जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. शिखराचं वजन कमी करण्याची ही कुंभारी अक्कल आहे, त्यात चमत्कार शोधला की त्या अक्कलेचा अपमान होतो.

व्यापार आटला तरी नाव आटलं नाही. चालुक्यांच्या इ.स. 612 च्या एका ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी आहे. आणि मग तगर हे नाव जिथं कुणी अपेक्षा करणार नाही तिथं भेटतं: कोकणच्या किनाऱ्यावर. ठाण्याकडचे शिलाहार, दक्षिण कोकणचे शिलाहार आणि कोल्हापूरचे शिलाहार, तिन्ही शाखा स्वतःला श्रेष्ठ अशा तगर नगराचे अधिपती म्हणवतात. त्यांच्या काळी तेर त्यांच्या ताब्यात असल्याचं दिसत नाही. मूळ गावाचं नाव बिरुदात जपलं, एवढंच. खारेपाटणला सापडलेला शिलाहार रट्टराजाचा शके 930 चा, म्हणजे इ.स. 1008 चा ताम्रपट बाळशास्त्री जांभेकरांनी वाचून प्रसिद्ध केला होता. खारेपाटण म्हणजे विजयदुर्गच्या खाडीत आत शिरल्यावर लागणारं लहानसं बंदर. त्या ताम्रपटात देवस्थानाला दिलेल्या उत्पन्नात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागं एक गद्याण सोनं आहे. खाडीच्या धक्क्यावर तो कर घेणारी माणसं ज्या घराण्याची चाकर होती, त्या घराण्याच्या डोक्यावर तेरचं नाव होतं. त्याआधी हजार वर्षं तेरचं कापड समुद्राकडं गेलं होतं, आता तेरचं नाव गेलं.

त्या नावाचा शेवटही समुद्रातच झाला. यादव राजा महादेवानं उत्तर कोकणच्या सोमेश्वर शिलाहारावर हत्ती आणि आरमार घेऊन चाल केली. सोमेश्वर जहाजांवर गेला आणि बुडाला, असं हेमाद्रीच्या प्रशस्तीत आहे. बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ उभे आहेत, ज्यांच्यावर वल्ही मारणाऱ्या माणसांनी भरलेल्या नावांची रांग कोरली आहे, त्यांचा संबंध अभ्यासक याच लढाईशी लावतात. मुंबईत राहणाऱ्या आमच्या जिल्ह्याच्या माणसांनी ते एकदा जरूर पाहावेत.

ज्या सुमाराला सोमेश्वर बुडाला, त्याच सुमाराला परंपरेनुसार तेरला संत गोरोबाकाकांचा, म्हणजे गोरा कुंभारांचा, जन्म झाला. इ.स. 1267 हे त्यांचं जन्मवर्ष मानतात, 1317 हे समाधीचं. आज तेरचं नाव घराघरांत आहे ते त्यांच्यामुळं, आणि चैत्र वद्यात इथं लोटणाऱ्या माणसांतल्या फार थोड्यांना पेरिप्लस ठाऊक असतो. मला हे दोन इतिहास वेगळे वाटत नाहीत, आणि या पुस्तकाची मांडणी त्याच विश्वासावर उभी आहे. नाण्याचं पदक करणारा कुंभार, दुहेरी साच्यात पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या घडवणारा कुंभार, देवळासाठी हलकी वीट काढणारा कुंभार, आणि संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून कुठलं मडकं कच्चं ते सांगणारा गोरोबा. तेरची माती हाताळणाऱ्या या माणसांची रांग बाराशे वर्षं सलग दिसते. त्यांतल्या एकट्या गोरोबाचं नाव आपल्याकडं आलं, कारण तो अभंग म्हणत होता. नामदेवांसारख्याला कच्चा ठरवण्याचा अधिकार एका कुंभाराला सगळ्या संतमेळ्यानं दिला, या कथेत या गावातल्या कसबाची प्रतिष्ठा मला दिसते.

स्थानिक इतिहास लिहिताना दोन टोकं गाठण्याचा धोका असतो. एकात गावाचं मोठेपण रोमनं काय घेतलं यावर ठरतं. दुसऱ्यात सगळं जगात पहिलं आपल्याच गावी झालेलं असतं. दोन्हींत विणणारा, भाजणारा, हाकणारा माणूस हरवतो. पुढच्या प्रकरणांत म्हणून राजवंशांची यादी आटोपशीर आहे आणि वाटा, पेठ, माती, वीट, मणी, नदी यांना जागा जास्त आहे. जैन परंपरेतल्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूर आणि धाराशिवची लेणी एकत्र येतात. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे, कारण लेण्यांकडं जाणारी वाट आणि व्यापाराची वाट वेगळ्या काढता येत नाहीत.

तेरची पांढर अजून फार थोडी उकरली गेली आहे, आणि तिच्यावर रोज घरं चढत आहेत. घरं बांधू नका असं कुणी म्हणू शकत नाही. पण पाया खणताना, विहीर काढताना, मळ्यात नांगर फिरताना काही निघालं तर ते कुठल्या गटात, किती खोलीवर, कशाच्या शेजारी मिळालं हे त्याच दिवशी लिहून ठेवावं आणि वस्तू संग्रहालयात दाखवावी. जागेची नोंद नसलेला मणी नुसता मणी राहतो. चार हात खाली, अमक्या खापराबरोबर मिळालेला मणी पेठेचा काळ सांगू शकतो. पुस्तकाच्या शेवटी गावाच्या टेकाडांचा नकाशा जोडला आहे. जिथं काय सापडलं ते पक्कं कळलं तिथं खुणा केल्या आहेत, बाकी जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांनी गाडग्यात घालून ठेवलेलं काही असेल आणि ते कुठल्या रानात मिळालं हे अजून कुणाला आठवत असेल, त्यांनी त्या जागा भरायला हात लावावा.